आर म्हणजे राजपाल

३ मार्च २०२५, सोमवार

चेहरा! सात वर्षं ह्या कारखान्यात रिअॅक्टर सांभाळले आणि बढती मिळाली ती चेहऱ्यासाठी!

बंगळूरच्या हेड ऑफिसातल्या उमादेवी मॅडम आज व्हिडिओवर. "संध्या, अभिनंदन! हुमनाबाद प्लांटच्या समावेशन-प्रमुख, इन्क्लूजन हेड, आता तुम्ही." म्हणलं, मॅडम, मी केमिकल इंजिनीअर आहे. तर म्हणे — "तुमच्यासारखी बाहेरून आलेली व्यक्तीच हे काम करू शकते."

बाहेरून! अफजलपूर काय परदेशात आहे? सकाळची बस धरली तर दुपारच्या जेवणाला घरी पोचते मी!

बारीक डोळे, बसकं नाक, पिवळट रंग — कुणी दिला ठाऊक नाही. हायवेवरच्या ढाब्यावर राबणारं कुणी नेपाळी जोडपं असेल, एवढंच शिशुगृहातल्या बाईंनी आईला सांगितलेलं. कलबुर्गीहून आईच्या मांडीवर बसून अफजलपूरला आले ती आलेच. बाबा राजपाल, बसडेपोत मेकॅनिक. आई पंचशीला, सरकारी दवाखान्यात नर्स. दोघंही तव्यासारखे काळे, आणि मधे मी. शाळेत 'चिनी', कॉलेजात 'मोमो', इथं 'नेपाळी मॅडम'. कंपनीच्या कार्डावर 'संध्या आर.' — आर म्हणजे राय, असं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलंय. कुणी विचारलं? कुणीच नाही.

मला रिअॅक्टर सोडायचे नव्हते. मला तेच येतं.

६ मार्च

पोस्टरसाठी फोटो. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडचा पारंपरिक ड्रेस घालून या." मोबाइलवर नमुनाही दाखवला — लाल-काळी शाल, डोक्यात पिसं! म्हणलं, आमच्याकडं आई चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसते. चालेल?

तो हसला. मी नाही हसले. कारखान्याचा निळा कोट घालूनच उभी राहिले.

११ मार्च

काम काय, तर पोस्टर लावा आणि रांगोळी स्पर्धा घ्या! हे समावेशन!

पोस्टर कपाटात टाकले आणि दुपारी कारखान्याभोवती फिरले. बॉयलरच्या मागं ठेकेदाराचे कामगार जेवत बसलेले. ओडिशाची पोरं, आसामची पोरं, आणि झाडलोट करणाऱ्या इथल्या बायका. उन्हात, जमिनीवर. त्यातल्या बसम्माला म्हणलं, कँटीनमध्ये कामून जात न्हाई?

"आत गेलं तर उठवतेत की ताई. तिथं पर्मनंटवाले बसतेत."

आणि अन्न? त्याच भांड्यातलं! एकाच चुलीवरचं! पुढच्या दारानं ताटात, मागच्या दारानं बादलीत. त्यांच्या प्यायच्या नळाचा पाइप चाचपत मागं गेले. इंजिनीअरची सवय. तो फिल्टरला जोडलेलाच नाही. बोअरचं खारं पाणी — कूलिंग टॉवरला जातं तेच, या माणसांच्या पोटात!

मॅनेजर सुनीलकुमारांना सांगितलं. "ती ठेकेदाराची माणसं, संध्या. आणि हे बघ, हळूहळू." दोन वर्षांमागं ठेकेदाराच्या कामगारांबद्दल मी बोलले होते तेव्हा ते म्हणाले होते, "तू पंप बघ." आता पंपही काढून घेतले. आता काय बघू? रांगोळी?

नळ फिल्टरला जोडून घेतला संध्याकाळपर्यंत. परवानगी न विचारता. कँटीनचं मात्र पाइप जोडण्याइतकं सोपं नाही.

१६ मार्च, रविवार

ईरण्णानं जेवायला बोलावलं. पर्मनंट कामगारांचा पुढारी. एकच कँटीन करायचं माझ्या डोक्यात आहे, हे त्याच्या कानावर गेलेलं. मला वाटलं, बरंच झालं, बोलता येईल.

घर स्वच्छ, भिंतीवर बसवण्णांची मोठी तसबीर. त्याची बायको सावित्रम्मा फार मायेची. आत स्वयंपाकघरात बसवलं, स्टीलच्या ताटात वाढलं. तव्यावरची भाकरी, शेंगाचटणी, वर तुपाची धार. "खा गं पोरी, किती लांबून आलीस! मराठी किती छान शिकलीस!"

"अक्का, मी अफजलपूरची हाय."

"व्हय, व्हय, आता इथलीच म्हणायची!" दोघं हसले. मीही सोडून दिलं.

निघताना ईरण्णा म्हणाला, "मॅडम, कँटीनचं राहू द्या. तुम्ही बाहेरच्या. तुम्हाला इथलं कळायचं न्हाई."

२३ मार्च



बाबा माझी खोली बघायला आले होते. बसस्टँडवर उतरवून घेतलं तर समोर ईरण्णा. मी ओळख करून दिली — "अण्णा, हे माझे बाबा." तो एकदा त्यांच्याकडं बघतो, एकदा माझ्याकडं. "तुमचे? म्हंजे?" बाबा हसून म्हणाले, "माझीच लेक हो. पाच महिन्यांची होती तवा आणली." आणि मग सवयीनं, "जय भीम!"

ईरण्णाचं तोंड मी बघितलं. पण "चला, चहा घ्या" एवढं म्हणून गेला. शब्द तोंडातून गेला होता, मागं घेता येईना.

त्याच घरी गेलो. या वेळी ओसरीवर बसवलं. सावित्रम्मा आतूनच बोलल्या, बाहेर आल्या नाहीत. ईरण्णानं ट्रे आणला. त्याचा चहा स्टीलच्या पेल्यात. बाबांना आणि मला कागदी कप!

मागच्या रविवारी ज्या ताटात तूप वाढलं, ते ताट घरात होतं की! आठवड्यात मी तीच, माझं तोंड तेच. फक्त बाप कोण ते कळलं.

मी उठायला लागले. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चहा संपवला, कप चुरगाळून खिशात घातला. खोली दाखवून त्यांना परत बसस्टँडवर आणलं. बस लागली तेव्हा म्हणाले, "साखर जरा जास्त होती."

२४ मार्च

आईला फोन केला. रडले, ओरडले. आई ऐकत राहिली. मग विचारते, "तुला राग कशाचा आला गं? तुझा अपमान झाला म्हणून, का बाबांचा?"

म्हणलं, दोघांचा.

"आम्हाला सवय हाय. तुला आजवर तोंडावरूनच बोललेत लोक. हे नवीन हाय तुला."

खरं आहे. एवढी वर्षं प्रत्येकानं मला सांगितलं की मी ह्या आई-बापाची दिसत नाही. काल पहिल्यांदा कुणीतरी मला पुरती राजपालची लेक धरलं — आणि धरलं ते असं! कागदी कप देऊन! ह्याचं काय करायचं? रडू येतं आणि छातीही फुगते. दोन्ही एकदम. चीड आली मला माझीच.

२७ मार्च

आज ऑफिसात जाऊन कार्ड बदलून घेतलं. संध्या राजपाल. पूर्ण.

४ एप्रिल

समावेशन दिवस झाला! झाला म्हणजे काय — उधळला!

बंगळूरहून उमादेवी आलेल्या. माझ्या भाषणाचं नाव त्यांनीच ठरवलेलं — 'ईशान्येकडून दक्षिणेकडं'. माइक हातात घेतला आणि म्हणलं, मी संध्या राजपाल. भीमेच्या काठची. ईशान्य भारत मी अजून बघितलेला नाही. माझे बाबा बौद्ध. मी नेपाळी वाटत होते तोवर मला स्वयंपाकघरात ताट मिळालं, बाबांची ओळख झाल्यावर ओसरीवर कागदी कप. आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग मराठीत. नाव कुणाचं घेतलं नाही. ईरण्णा खाली बघत होता.

मग म्हणलं, आजपासून मागचं दार बंद. एक रांग, एक कँटीन. कँटीनवाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. बसम्मा आणि तिच्यासोबतच्या बायका दारात घुटमळल्या. हात धरून आत आणल्या.

आणि पर्मनंटवाले उठले. एकेक करत, भरली ताटं तशीच टाकून. पहिला ईरण्णा. एवढं अन्न! उमादेवी मोबाइलमध्ये बघत बसल्या.

७ एप्रिल

बहिष्कार चालू. पर्मनंटवाले घरून डबे आणायलेत, झाडाखाली बसून खायलेत. म्हणजे आता बाहेर ते, आत हे!

बसम्मा म्हणाली, "ताई, खुर्चीवर जेवताना पाय लटकतेत. घास गिळवंना." मी दोन घास खाईपर्यंत तिनं पाय वर घेऊन मांडी घातली. मग जेवली पोटभर.

९ एप्रिल

सुनीलकुमारांनी केबिनमध्ये बोलावलं. "वातावरण निवळेपर्यंत आधीसारखं करू. तू परत प्रॉडक्शनला जा. तुला तेच आवडतं ना?"

आवडतं! ह्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतं! क्षणभर हो म्हणणार होते.

म्हणलं, सर, जाते. फक्त एक ओळ लिहून द्या — ह्या माणसांनी इथं बसून जेवू नये. खाली सही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं कसं लिहू?"

"मग असं वागायचं कसं?"

सही झाली नाही. कँटीनचं दार सगळ्यांना उघडं राहिलं.

१७ एप्रिल

ऊन असं तापलंय की झाडाखालचे हळूहळू आत यायला लागलेत. कोपऱ्यातल्या टेबलांवर, वेगळे. पण रांग एक. ईरण्णा अजून बाहेर.

२ मे

उमादेवींचा फोन. 'एक रांग, एक कँटीन' वरच्यांना आवडलं म्हणे. कंपनीच्या पाचही कारखान्यांची समावेशन-प्रमुख — मी! बसायचं बंगळूरला.

"आणि हुमनाबादला कोण?"

"ईरण्णा. कामगार त्यांचं ऐकतात."

कामाला हो म्हणलं. बंगळूरला नाही म्हणलं. इथंच बसणार. आता ईरण्णा माझ्या हाताखाली; त्यानं रोज संध्याकाळी माझ्या टेबलासमोर उभं राहून मला सांगायचं — आज कोण कुठं जेवलं.