भीमराजची मिरची कांडप

घाटकोपर, ६ एप्रिल १९८४

चि. सौ. सुगंधास धाकूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ब्लडप्रेशरची नवी गोळी लागू पडली, आकडा उतरला. पण हल्ली दम लागतो, छातीत शिटी वाजते. सगळं खालच्या भीमराजच्या कांडप गिरणीमुळे. मसाल्याचे दिवस, सकाळपासून मिरची उडते. त्याला सांगितलं तर म्हणतो, म्हातारबा, धंदा सोडून तुमच्या उशाशी बसू का? माझा दशरथ ऐकत होता. मी म्हटलं, ही मिरचीच मला घेऊन जाणार. पोराचे डोळे लाल झाले.

जावईबापूंना नमस्कार. माया आहेच, ती पातळ करू नको.

तुझा दादा

बोरिवली, १० एप्रिल

ती. दादास सुगंधाचा सा. नमस्कार.

मी मरणार असं तू वीस वर्षं लिहितोयस, आमचं रडायचं राहूनच गेलंय. पण दम गोळीनंतरच सुरू झाला ना? लहानपणी तुला दमा होता, आई पाठ चोळत बसायची. डॉक्टरला ते सांगितलंस का? आणि दशरथसमोर खोकू नकोस रे. त्याचा हात आधी उठतो, डोकं मागून चालतं.

जपून राहा, इकडची काळजी नको.

तुझी सुगंधा

घाटकोपर, २५ एप्रिल

चि. सौ. सुगंधास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच घडलं. दशरथने गिरणीतलं मुसळ उचलून भीमराजच्या तोंडावर घातलं. दात पायरीवर सांडले. तो पडला तरी हा मारतच होता, उजवा हात कोपरात मोडला. त्याची बायको कमल मध्ये पडली, तिचं कपाळ फुटलं. माझ्या बापाला मारतोस काय, असं दशरथ ओरडत होता आणि मी जिन्यात खोकत उभा. पोलिसांनी त्याला बडवत नेलं.

गिरणीला कुलूप लागलं, तरी माझे ओठ निळे पडले. हॉस्पिटलात तुझं लिहिलेलं आठवून दम्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई चिडल्या. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या ही गोळी आवळते म्हणाल्या. ती बंद केली, आता न थांबता जिना चढतो.

वकील म्हणतो, मिरचीने छाती गेली असं कोर्टात सांगा, जोरात खोका, दशरथ सुटेल. खोकला येत नाही म्हटलं, तर सूनबाई मालनने पाण्याच्या तांब्याजवळ तीच गोळी आणून ठेवली.

ती मी मोरीत टाकली. खाली जाऊन कमलला सगळं सांगितलं. ती भीमराजला चमच्याने पेज भरवत होती. मान वर न करता तिने विचारलं, कोर्टात हेच बोलाल का? मी हो म्हटलं.

मालन पोरांना घेऊन माहेरी गेली. सोमवारी तारीख आहे. दशरथ समोर असेल. तू ये, माझ्या शेजारी उभी राहा. मला एकट्याला बोलणं जमणार नाही.

रागावलीस तरी मला दादाच म्हण.

धाकू