डब्याची मागची बाजू

३ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तपास कार्यालयातून कागद आला. तुमच्या दादांची फाइल मला बारा तारखेला वाचायला मिळणार आहे. एकच तास, आणि नकला काढायच्या नाहीत. एवढ्यासाठी आठ अर्ज केले. साहेबांचं उत्तर ठरलेलं, की पोलीस चौकीच्या जिन्यावरचा कॅमेरा त्या दुपारी बंद होता, बघण्यासारखं काही नाही. मग दाखवायला हरकत कसली, असं मी आठव्या अर्जात विचारलं.

तीस वर्षं शिडीवर उभं राहून लोकांची छतं रंगवणारा माणूस. बाजारातल्या भांडणाची साक्ष द्यायला नेला आणि दोन तासांत सहा पायऱ्यांवरून पडून गेला म्हणतात. माझ्या गळी उतरत नाही.

बाकी मी बरी आहे. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करता करता दिवस जातो. तुम्ही याल का? तुमचं वाचन झरझर, माझं गोगलगायीचं. लोभ आटू देऊ नका.

तुमची,
वहिनी

७ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

बेकरीतले दोन कारागीर आजारी आहेत, सुटी मिळत नाही. पण एक सांगतो. तुम्ही वाचायला शिकलात रंगाच्या डब्यांवर. ‘हवाबंद ठेवावे’पासून कारखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचल्याशिवाय डबा खाली ठेवत नाही. दादा म्हणायचा, भिंत वाळते पण हिचा डबा संपत नाही. तासाभरात हे जमायचं नाही. पहिलं पान बघा आणि उठा.

खरं तर हे सगळं सोडाच, वहिनी. दादा काही कागदातून परत यायचा नाही.

जेवण टाळू नका. लोभ राहू द्या, रागासकट.

आपला,
धाकटा

१३ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुमचं ऐकलं नाही. फाइल उलटी केली आणि मागून सुरुवात केली. तुमच्या दादांनीच शिकवलेलं, डब्याच्या पुढं कौतुक असतं, खरं काय ते मागं, बारीक अक्षरात. समोरच्या कारकूनबाई हसून म्हणाल्या की सुरुवात पलीकडे आहे. मी म्हटलं, असू दे.

तासाभरात नऊच पानं झाली. शेवटच्या पानावर सीलबंद वस्तूंची यादी होती. बूट, पट्टा, रंगाचे डाग पडलेली टोपी. पाचव्या ओळीत, जिन्यावरील कॅमेऱ्याचं चित्रण, सत्तेचाळीस मिनिटं. बंद असलेल्या कॅमेऱ्याचं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाईंना मोठ्यानं वाचायला लावलं. साहेब आले, त्यांनीही ती ओळ वाचली. चित्रण दाखवायची चोवीस तारीख लेखी मिळेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.

त्याच्या आधीच्या पानावर तुमची सही होती. कुटुंबाची तक्रार नाही, पुरावा बघायचा नाही, असा मजकूर. तेव्हा तुमचे दादा जाऊन नऊच दिवस झाले होते. बायको हयात असताना तुमच्या सहीनं माझं तोंड बंद होत नाही, हे त्या बाईंनीच सांगितलं. मजकूर तुम्ही वाचला होता का, एवढंच कळवा. लोभाचं त्यानंतर बघू.

वहिनी

१७ मार्च

ती. वहिनींस सा. न.

नाही वाचला. चौकीतले लोक बेकरीत आले, सही केली की दादाचं सामान लवकर मिळेल म्हणाले. हाताला पीठ होतं, पेनही त्यांनीच दिलं. शाळा शिकलेला मी, एक पान वाचलं नाही. सांगायला तोंड नव्हतं, म्हणून तुम्हालाच गप्प करायला निघालो होतो.

सही मागे घेतल्याचा कागद आज दिला. दोनदा वाचून. पोचपावती सोबत आहे. चोवीसला येतो, सुटी मिळो न मिळो. एक विनंती आहे. तुम्ही बाहेर थांबा, शेवटची मिनिटं आधी मला एकट्याला बघू द्या. लोभाला मी आता पात्र नाही, तरी मागतो.

धाकटा

२० मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद.

या. मी बाहेर थांबणार नाही. आणि हे मागूनही बघायचं नाही. चित्रण पहिल्या मिनिटापासून लावायला सांगणार आहे. आधी ते चौकीचा जिना चढताना दिसतील, आपल्या पायांनी. तेवढं त्यांना चालू देऊ. मग पुढचं, एकही मिनिट न गाळता, मी वाचते तसं बघू.

चष्मा विसरू नका. लोभ आहेच.

तुमची,
वहिनी