पाद्रीबाबांना दाखवायचं पत्र

पोर्ट रॉयल, जमैका
१२ मे १६६९

लाडक्या लव्हडेस,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. इथे दुपारी सगळं गाव पेंगतं. किनाऱ्यालगत कुंपणात राखलेली समुद्रकासवं तेवढी डोकं वर काढून सुस्कारे टाकतात, आणि शिवता शिवता मलाही डुलकी लागते. आमची घरं वाळूवर उभी. भरतीला जमीन ओलसर होते, मग स्वप्नात वाटतं, पलंगासकट तरंगत निघालेय, थेट कॉर्नवॉलला, तुझ्या दाराशी.

कामाला तोटा नाही. एखादं जहाज स्पॅनिश गाव लुटून आलं, की माझ्या दारात चर्चमधल्या जरीच्या कापडांचा ढीग पडतो. काल वेदीवर असलेला पडदा आज कुणा गुत्तेवालीचा घागरा होतो. आधी टाके उसवताना देवाची क्षमा मागायचे. आता नाही मागत.

पेट्रॉकच्या भट्टीतला पाव अजून तसाच खमंग असतो का? माणूस चांगला आहे तो.

विषय टाळतेय, हे तुला कळलंच असेल. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. "जॅगोचं जहाज स्पॅनिशांनी धरलं त्याला सहा वर्षं झाली. माझा नवरा कैदेत जिवंत आहे की मेला, एवढंच कळव. पेट्रॉक लग्नासाठी किती थांबेल?"

दोन वर्षांपूर्वी नाताळात एक दाढीवाला जरीची बंडी शिवायला आला. मापासाठी कोट काढला, तर सदऱ्याच्या कोपराला तुझं रफू! आईने कितीदा शिकवूनही सरळ न जमलेलं. माझ्या हातातली सुई पडली.

"जॅगो, मेल्या! तिथे दर रविवारी तुझ्या सुटकेसाठी अख्खं चर्च गुडघे टेकतंय!"

"टेकू दे की, ताई. देवाला माझी आठवण कुणीतरी करून द्यायलाच हवी." तो हसला. कानात हा एवढा पाचू.

"घरी जा आधी."

"जाऊन काय, माशांची जाळी ओढू? इथे मला कप्तान म्हणतात." मग हळूच म्हणाला, "तिला लिही, मी मेलो. पण ते रफू उसवू नकोस हं."

राग आला मला त्याचा. खरं सांगते, कीवही आली. कैदेतून तो पहिल्याच वर्षी पळाला होता, आणि आता माझ्याकडचं निम्मं कापड तोच आणून देतो. म्हणून मी दोन वर्षं मूग गिळून बसले. तू तिकडे वाट बघत होतीस आणि मी इकडे त्याच्या बंडीला गुंड्या लावत होते. याची क्षमा मागायलाही तोंड नाही मला.

तो जिवंत आहे म्हटलं, तर पाद्रीबाबा तुझं दुसरं लग्न लावणार नाहीत. म्हणून या पत्रासोबत आणखी एक पत्र आहे, चार ओळींचं: जॅगो तापाने गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. दोन्हींतलं एक चुलीत घाल, एक पाद्रीबाबांना दाखव. कुठलं, ते मला कळवू नकोस. पुढच्या पत्राखाली तू कुणाचं आडनाव लावतेस, तेवढं मी बघेन.

बहीण म्हणशील तर तुझीच,
टॅमझिन