ओ कुणी द्यायची

सोमवार, ३ नोव्हेंबर

या घराला उंबरा नाही. दाराखाली काळ्या दगडाची पट्टी चिकटवली आहे, तीही लादीच्या बरोबरीने. आत काय यावं आणि बाहेर काय राहावं, ते कशाने अडणार? हे आधी लिहिलं. आता श्री.

उलव्याला सुखरूप पोचले. अकरावा मजला. वारा झकास. खिडकीतून जासईकडचे कंटेनर दिसतात, रंगीत खोकी रचल्यासारखे. नळाला गरम पाणी आपोआप. नात क्षिप्रा गेटवर घ्यायला आली. म्हणाली, आजी, किती वाळलीस. म्हटलं, आधी आरशात बघ, दांडीवर वाळत घातलेल्या ओढणीसारखी दिसतेस.

तिचे आईबाप मस्कतला परत गेले, नोकऱ्या आहेत. पोरीजवळ कुणीतरी हवं म्हणून मी. तिचा धाकटा भाऊ वरद गणपतीत गेला. जासईच्या वळणावर, मोटारसायकलवरून. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी मीच घातलं, तेव्हा तो गेला यात शंका नाही. मला रडू आलं नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला सांगितलं. चौथी शिकलेल्या बाईला हा उद्योग.

बुधवार, ५ नोव्हेंबर

क्षिप्रा महाप्याच्या कंपनीत आहे, सध्या रजेवर. सकाळपासून संगणकापुढे. वरदचा एका खेळाचा स्वतःचा सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे म्हणे एक मैदान, सगळे आपापल्या घरून त्यात उतरतात. त्यावर आपले नवे नियम बसवायला एक सांगाडा लागतो. तो तयार मिळतो. मग आण की, म्हटलं. तर वरदने सांगाड्यातच खाडाखोड करून ठेवलेली, म्हणून तो मूळ कोडपासून बांधायचा. त्याला कंपाइल म्हणतात.

मला कळलं. चकलीची भाजणी दुकानात मिळते, पण आपल्या घरची हवी तर धान्य भाजून दळावं लागतं. हे ऐकून ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

काळ्या पडद्यावर ओळी पळतात. पिवळी म्हणजे तंबी, लाल म्हणजे अडलं. दिवसभर लालच. नवा कंपाइलर जुनं कोड घेत नाही, म्हणून जुना शोधून बसवला. तरी एक फाईल सापडत नाही. मी शेजारी बसून लसूण सोलला. कशाला हवं हे मैदान, विचारलं, तर म्हणाली, तो तिथेच असायचा गं.

रविवार, ९ नोव्हेंबर

वरदचा मित्र नौमान तळोज्याहून आला. म्हणाला, आजी, वरद तुमच्या आंबोळ्यांचं सांगायचा. म्हटलं, सांगून पोट भरत नाही, खा. हरवलेली फाईल त्याच्याकडे होती.

त्या फाईलमध्ये वरदने केलेला नियम आहे. त्याचं नाव हाक. मैदानात कुणाला नावाने हाक मारायची. त्याने माइकवर ओ दिली की तो असेल तिथून उचलून हाक मारणाऱ्याशेजारी आणला जातो. ही कल्पना त्याची नाही, माझी. लहानपणी दोघांना सांगायचे, दिवेलागणीला बाहेरून हाक आली तर लगेच ओ देऊ नये. माणूस तीनदा हाक मारतो. ते दुसरं असतं, ते एकदा मारतं, फार तर दोनदा. पठ्ठ्याने तेही घातलं. तिसऱ्या हाकेलाच ओ चालते.

त्यात एक चूक राहिली आहे म्हणे. हाक कुणालाही असो, जो ओ देईल तो ओढला जातो. नाव तपासायचं राहून गेलं. क्षिप्रा दुरुस्त करणार आहे. म्हटलं, असू दे, आपल्या घरात असंच चालतं. कुणालाही बोलवा, ओ मीच देते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

झालं एकदाचं. लाल ओळ नाही. सर्व्हर चालू झाला. क्षिप्रा इथून उतरली, नौमान त्याच्या घरून. मी देवापुढे दिवा लावत होते. हाक आली, नौम्या. वरदचा आवाज. एकदाच.

क्षिप्रा म्हणाली, त्याने आवाज भरून ठेवला असेल. सगळ्या फायली उलट्यापालट्या केल्या. भरलेला आवाज कुठे नाही. मला काही वाटलं नाही. वात तेवढी पुन्हा लावावी लागली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दिवा लावताना पुन्हा. नौम्या, नौम्या. दोनदा. क्षिप्राने नौमानला फोन केला, बंद कर म्हणून. तो म्हणाला, उद्या तिसरी आली तर आपला वरदच, आजींचाच नियम आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

काल तीन हाका आल्या. नौमानने ओ दिली. आम्ही ऐकली.

आज त्याची आई मेहरुन्निसाचा फोन. पोरगा खुर्चीत बसलेला सापडला, डोळे उघडे, श्वास चालू. हाक मारली की ओ देत नाही. दवाखान्यात नेलंय, कुणाला काही कळत नाही. ती रडत होती. मी ऐकून घेतलं. कुकर लावला.

संध्याकाळी संगणकातून, तायडे.

वरद क्षिप्राला तायडे म्हणायचा.

सर्व्हर तिला बंद करायला लावला. मग प्लग मी काढला. आता पडदा काळा आहे, एकही ओळ नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

प्लग काढलेलाच होता. हाक पॅसेजमधून आली. दाराच्या अलीकडून. तायडे. मग पुन्हा तायडे, ती दुसऱ्या आवाजात. नौमानच्या.

म्हणजे जो जातो तो बोलावू लागतो. जेवताना मला हे समजलं. घास तसाच राहिला.

क्षिप्राला सांगितलं, तुझ्या बापाकडे जा, आजच विमानात बस. म्हणाली, मस्कतला हाक पोचणार नाही का? तीन हाका म्हणजे माणूस, तूच शिकवलंस ना? मी म्हटलं, त्याला जळताना मी पाहिलंय. ती म्हणाली, उद्या मी ओ देणार, तू मधे पडू नकोस.

माझंच शिकवलेलं मला खोडता येईना.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पोरगी सकाळपासून केस विंचरून बसली आहे. पाहुणे यायचे असल्यासारखी. चूक दुरुस्त केलीस का, विचारलं. कुठली, म्हणाली. विसरली. बरं झालं.

दुपारी

क्षिप्राच्या बापाला, नंदकिशोरला फोन केला, येतो म्हणाला. यायला उद्या होईल. वॉचमन पंढरीला सांगितलं, दिवे लागले की वर ये, किल्ली देऊन ठेवली.

संध्याकाळ

क्षिप्रा तोंड धुवायला गेली. बाहेरून कडी घातली. दार बडवते आहे. आजी, उघड, म्हणते — तिच्या कानात कापूस घालायला हवा होता, सुचलं नाही — मिक्सर लावला आहे. रिकामाच फिरतो आहे. आवाज पुरेसा आहे.

माझ्या धाकट्या भावाचीही मी तायडीच होते. नाव कुठे तपासतंय.

पहिली आली. दाराच्या पट्टीवर कुणी उभं आहे — पाय दिसत नाहीत —

दुसरी. स्वयंपाकघरात.

क्षिप्रे, हे वाच. पंढरी कडी काढेल. मी खुर्चीत असेन, घाबरू नकोस, बाप आला की मला दवाखान्यात न्या. ती चूक दुरुस्त कर, मग कुणी मधे पडू शकणार नाही — नाही, करू नकोस — पुसून टाक सगळं.

आणि उद्यापासून माझा आवाज येईल. एकदा, मग दोनदा, मग तीनदा. आंबोळ्या झाल्या म्हणेन. तरी तू ओ द्यायची नाहीस. तीनदा मारली तरी नाही. या घरात ओ फक्त मी द्यायची, तू नाही, मी