बाबांच्या घड्याळावरचे दोन ओरखडे

मंगळवार, संध्याकाळ

सर्व्हिसिंगहून घड्याळ परत आलं, पण स्टीलच्या कडेवर दोन बारीक ओरखडे! बाबांच्या निवृत्तीला मी घेतलेलं स्विस घड्याळ. खराब होईल म्हणून त्यांनी सहा वर्षं कपाटातच ठेवलं होतं. चिडून दुकानात फोन लावला. पॉलिश करून देतो म्हणाले, महिना लागेल. मी हो म्हणणार, तेवढ्यात बाबांनी घड्याळ उचललं.

"ऱ्हाऊ दे की. पडले ओरखडे, आता कसलं भ्या न्हाय."

मनगटावर चढवलं आणि थेट वळसंगला, आत्याकडे निघाले. एवढेसे ते ओरखडे. मी कशाला इतकी चिडले?

आत्ताच आत्याचा फोन आला. "तुझा बाप न इचारता येळ सांगतुया गं सारखा. लई खूश हाय."