उत्सर्ग साडेसातशे

बारामती,
सोमवार

ती. विजयसिंहदाजींच्या चरणी मेहुणा जोतीराम याचा नमस्कार.

राजलक्ष्मीअक्काचा गुडघा आता तिला जिना चढू देतो का, आणि तुमची छातीतली जळजळ थांबली की तिखट अजून चोरून चालू आहे, हे सवडीने कळवावे. तुम्ही पाठवलेलं ज्वारीचं पोतं पोचलं. सोबतच्या चिठ्ठीत 'पोरीचं मन वळवलंत, फार उपकार झाले' असं लिहिलंय. खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि निम्मं कळस गाव माझ्या बोलण्यावर मत देतं, म्हणून पत्र. तुम्हीच मला लोणी देवकरला धाडलंत, तुमच्या स्वरूपाने ती टर्बोची गाडी विकून टाकावी हे तिच्या गळी उतरवायला. (संस्कृतच्या मास्तरचं मुलं ऐकतात हा तुमचा समज माझ्या वर्गात एक तास बसलात तर टिकायचा नाही.) तेव्हा मन नेमकं कसं वळलं, ते सविस्तर सांगणं माझं कर्तव्य आहे.

दाजी, तुम्ही तिला 'गाडीचा नाद' म्हणता, पण प्रकरण नादापेक्षा पुढे गेलंय. कंपनीतली पाळी संपवून पोरीने दोन वर्षं एका जुन्या डिझेल गाडीत घातली. मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवला, इंजिनाला किती इंधन कधी द्यायचं ते कॉम्प्युटरवरून स्वतः ठरवलं. हेतू असा, की हेच काम भिगवणच्या मासळीवाल्यांच्या पिकअप गाड्यांवर करायचं, म्हणजे भरल्या ओझ्याने चढ घेताना त्या धापा टाकणार नाहीत. आरिफ म्हणून तिथला मासळीचा व्यापारी आहे, त्याच्या तीन पिकअप आहेत. तो म्हणाला होता, रविवारी माझी ट्रॉली ओढून दाखव, न तापता ओढलीस तर पहिली पिकअप तुझ्या हातात देतो. म्हणजे त्या रविवारवर तिचं सगळं उभं होतं. मी गेलो तोही नेमका रविवारच.

इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू किती तापलाय हे दाखवणारा एक काटा तिने स्टिअरिंगच्या चाकासमोर बसवलाय. टर्बोच्या अलीकडे नळीला भोक पाडून आत तापमापक सोडलाय. (जळजळीचं निदान करायला डॉक्टरने तुमच्या घशातून नळी घातली होती, साधारण तसंच, फक्त गाडीने तुमच्याएवढा आरडाओरडा केला नाही.) साडेसातशे अंशांपर्यंत ठीक, त्याच्या वर काटा रेंगाळला तर टर्बोची पाती जायबंदी. त्या काट्याखाली तीन इंग्रजी अक्षरं होती, ती मला बघवेनात. मी कागदाच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'उत्सर्ग' लिहून त्यांवर चिकटवली. स्वरूपा नळ्या तपासत राहिली. आरिफने मात्र वाकून वाचलं आणि विचारलं, "मास्तर, गाडीला जुलाब लागल्यात का?"

मग चहा झाला. आरिफची स्वतःची एक टर्बोची पेट्रोल गाडी आहे, तिच्यावरून त्याने मला समजावलं, "पेट्रोल कमी पडलं की आतली आग वाढतीया बघा. जरा जास्त पाजलं, की गार." दाजी, आगीत तेल ओतल्यावर ती शमते! विरोधाभास अलंकाराचं इतकं चोख उदाहरण मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत सापडलं नव्हतं. मी ते वहीत टिपायला लगेच उठलो. आरिफ मागून आणखी काही सांगत होता.

चाचणीला चाक माझ्याकडे आलं, कारण स्वरूपाला मांडीवरच्या कॉम्प्युटरवर आकडे बघायचे होते, आणि माझ्या गाडी चालवण्यात कुणाला धोका वाटत नाही. मागे ट्रॉलीत बर्फासकट चिलापी माशांचे क्रेट, मागच्या सीटवर आरिफ. "मामा, चढाला काटा साडेसातशेच्या वर गेला की मला सांगा," एवढंच ती म्हणाली. चढ लागला आणि स्वरूपाला तुमचा फोन आला; तिने तो स्पीकरवर टाकला.

"विकलीस का न्हाय अजून?" तुम्ही विचारलंत.

"आबा, चाचणी चाललीया. मागनं करते."

"कसली चाचणी? आपल्यात पोरीनं इंजान उघडल्यालं कुणी ऐकलंय का?"

"मग आता ऐका की."

तिने कॉम्प्युटर मिटला आणि खिडकीकडे तोंड केलं. इकडे काटा सातशे साठ, आठशे, आठशे चाळीस. सांगायचं तर होतं, पण दाजी बोलत असताना मेहुण्याने मधे तोंड घालायची आपल्या घरात पद्धत नाही, आणि तुम्ही तर श्वासालाही थांबत नव्हता. या काळात इंधन मात्र कमी पडू दिलं गेलं नाही; उलट वाढवलं गेलं. नऊशे वीसला मागचा रस्ता काळ्या धुरात दिसेनासा झाला. टर्बोची शीळ आधी किंचाळली, मग थांबली.

गाडी कडेला घेतली. आरिफने फोन करून पिकअप मागवली आणि क्रेट हलवले. स्वरूपाने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. मग मला विचारलं, "मामा, पाय हलका हुता न्हवं?" मी म्हणालो, पायाची योग्य ती काळजी घेतली होती. "मग माझंच इंधनाचं प्रमाण चुकलं," असं म्हणून तिने पाना पुसून पेटीत ठेवला. तुमचा फोन अजून चालूच होता. तो उचलून ती म्हणाली, "आबा, विका गाडी." पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मन वळलं ते असं.

आपला,
जोतीराम

ता. क. वर मी 'वाढवलं गेलं' असं लिहिलंय. कर्मणी प्रयोगात कर्त्याला दडून बसता येतं, म्हणून सरकारी पत्रांना तो फार आवडतो. इथला कर्ता मी. काटा चढला तसतसा गाडीला गार करायला मी ॲक्सिलरेटरवरचा पाय तळाला नेला. आरिफचं राहिलेलं वाक्य मी दुसऱ्या आठवड्यात विचारून घेतलं: "पण डिझेलचं उलटं असतंय मास्तर. जेवढं पाजाल तेवढं पेटतंय. तितं पाय उचलायचा." व्याकरणात सर्वसाधारण नियमाला उत्सर्ग म्हणतात, आणि त्याच्या पाठोपाठ अपवाद येतो, हे मी दर वर्षी शिकवतो. मी उत्सर्ग ऐकून उठलो. अपवाद चहाच्या टेबलावर राहिला. पोरीचं प्रमाण बिनचूक होतं. तेव्हा गाडी घ्यायला गुरुवारी येणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा, आणि तिला फोन करून हे तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही. ज्वारी परत पाठवतोय. (अर्धीच. उरलेली दळून आणली तेव्हा मी अजून उपकारकर्ता होतो.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात स्वरूपा आली. तिच्या कॉम्प्युटरमध्ये पायाचीही नोंद राहते म्हणे. मिटला तरी तो लिहीतच होता: पाय शंभर टक्के, सलग तीन मिनिटं. तिने परवाच बघितलं. मी विचारलं, मग घरी का नाही बोललीस? तर म्हणाली, "म्हटलं, बघू मामा सांगत्यात का." मी पत्र पुढे केलं. पहिली पानं वाचताना ती नुसती मान हलवत होती, आणि ता. क.मधल्या ज्वारीपाशी आल्यावर हसली. तिने ते आकडे आरिफलाही दाखवलेत. तो म्हणाला, एवढं होऊन इंजिन जिवंत राहिलं, ह्यातच सगळं आलं. पहिली पिकअप येत्या रविवारी तो तिला देतोय, पण दोन अटींवर, आणि दोन्ही लिहून हव्यात. एक, चाचणीच्या गाडीत मास्तर बसणार नाहीत. दोन, चाचणी चालू असताना कळसहून फोन येणार नाही. पहिलीखाली मी सही केली आहे. कागद सोबत जोडलाय. दुसरीखाली तुमच्यासाठी जागा सोडली आहे.