खांद्यावर नाही, हातांवर

प्रिय किसनदादा,

राजूरला उतरलोय. उतरायचं नव्हतं खरं तर. आपली नाचातली पोरं टेम्पोतून पुढे धावड्याला गेली आणि मी 'गणपतीला हात जोडून आलोच' म्हणून मागं राहिलो. हात जोडून झाले. पेढे झाले. बैलाच्या झुली विकणाऱ्या एका बाबाशी उगीच गप्पा झाल्या, झूल कोण घेतंय! तरी पाय निघेनात, म्हणून दुकानाच्या पायरीवर बसून तुला लिहितोय.

तुला जाऊन वर्ष झालं. संध्याकाळी तुझ्याच गावात, शाळेच्या मैदानावर, आपला 'झेल' आहे. तू बसवलेला नाच, तुझ्याशिवाय.

आठवतं, आपल्या जालन्याच्या एमआयडीसीतलं ते बियाण्याचं बंद गोदाम? बियाण्याच्या औषधाची गुलाबी धूळ असायची. सराव करून निघालो की टाचा गुलाबी. चहावाला विचारायचा, मेंदी लावून आले का रे? तिथंच तू शिकवलंस. उंचावरून पाठमोरं पडायचं, मागं बघायचं नाही, आणि खालच्यांनी हात वर ठेवायचे. झेलायला मी तुझ्या डोक्याच्या बाजूला. 'भिंगरी, तुझा पाय ठरत न्हाई, निदान हात तरी ठरू दे,' म्हणायचास.

आणि नाचाआधी तुझं ते बोलणं. "मी किसन, धावड्याचा. मला एचआयव्ही हाय, गोळ्या चालू हायेत. ज्याला जायचं त्यानं आत्ताच जावं, मंग मधी उठून नाच मोडू नका." कोणी उठायचं, कोणी हसायचं. बाकीचे बसायचे आणि बघायचे.

एक सांग. गोळी एकदाही चुकवली नाहीस तू. आम्ही जेवणावर तुटून पडलेले असायचो, तू आधी डबीतली गोळी काढायचास. मग हेल्मेट हँडलला अडकवून का फिरायचास रे? आजार अंगात दाबून ठेवलास आणि एका टेम्पोनं उडवलं तुला!

पण गावाला टेम्पो दिसलाच नाही. दवाखान्यातून तुला प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलं, आणि लोकांनी ठरवून टाकलं की त्याच आजारानं गेला. तुझे थोरले भाऊ, अण्णा, मडकं धरून पुढं उभे, आणि तिरडीला खांदा द्यायला कोणी सरकेना. मग आपलीच पोरं वाकली. मी सवयीनं म्हटलं, "हां, घ्या!" आणि दादा, तिरडी खांद्यावर आलीच नाही. सरळ डोक्याच्या वर, हात ताठ. जशी तुला नाचात उचलायचो तशी. एक म्हातारा ओरडला, "आरं खांद्यावर घ्या, उडवायचा हाय का त्याला!" मग खाली घेतलं तुला. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

आता खरं काय झालंय ते सांगतो. आजचा नाच अण्णांनी करू दिला, पण अट घातली. नाच करा, जेवून जा, त्या आजाराचं नाव काढू नका. रेखाला बघून गेलेले पाहुणे येऊन राह्यले. अण्णांचा राग येत नाही मला. धाकट्या बहिणीचं लग्न जमवायचंय त्यांना. आणि नाचाआधीचं ते वाक्य तसंही तुझं होतं. तू सांगायचास. मी सांगितलं तर ती चुगली नाही का होत?

मी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण सकाळी रेखाचाच फोन आला.

"भिंगरीभाऊ, माझ्या लग्नासाठी दादाला लपवायचं असंल तर मला त्या घरी न्हाई जायचं. त्याचं वाक्य मी बोलणार, अन् त्याच्या जागी मीच पाठमोरी पडणार. तुमी झेलता का न्हाई, तेवढं सांगा."

तू तिला घरातल्या कापसाच्या ढिगावर पडायला शिकवलंस म्हणे! आम्हाला कधी बोलला नाहीस. कापूस वेगळा आणि आम्ही वेगळे ना दादा! अण्णा मधेच उठले तर? पोरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि तेवढ्यात हात खाली आले तर? मी 'बघतो' म्हटलं आणि फोन ठेवला. आणि इथं उतरलो. भिंगरीच ना मी. जालन्याची गाडी समोरच उभी आहे.

पोरांचा फोन आला आत्ता. मैदानात माणसं जमायला लागलीत. अण्णा पाहुण्यांना पुढं बसवतायत. रेखा आली का विचारलं, तर पोरं म्हणाली, कधीची आली, टाचा चोळत बसली आहे.

टाचा चोळत! तूही वर चढायच्या आधी तेच करायचास.

जालन्याची गाडी गेली, दादा. मी धावड्याच्या जीपमध्ये बसतोय. अण्णांना आधीच जाऊन सांगतो, रेखा बोलणार आहे म्हणून. चिडले तर चिडू दे. पण ती वर चढली की मी कुणाकडं बघणार नाही, ना अण्णांकडं, ना पाहुण्यांकडं. ती पडेल तेव्हा डोक्याच्या बाजूला माझे हात असतील, वर, ताठ. वचन.

तुझा,
भिंगरी